खपाचा हिशेब आणि खेळाचा हिशेब

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी एक एकांकिका बसवण्याचे काम माझ्याकडे असते. दुकानातून एकच प्रत आणायची, तिच्या नकला काढून आठ मुलांना वाटायच्या आणि महिनाभर तालीम घ्यायची, हा आमचा रिवाज. प्रयोगाला सारे गाव लोटते. लेखकाच्या खाती मात्र एकाच प्रतीचा खप जमा होतो. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तरी ही गोष्ट मला कधी बोचली नव्हती. ती बोचली एका परदेशी खेळाचा इतिहास वाचताना. माझ्या पुतण्याला त्या खेळाचे भारी वेड, त्यापायी मीही त्यात शिरलो.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील लेक जिनीव्हा गावच्या 'टीएसआर' या चिमुकल्या कंपनीने प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपण काय करणार ते खेळाडू सांगतात आणि फासे निकाल देतात.

गोष्ट ज्याची त्याने रचावी, अशी आरंभीची कल्पना. पण १९७६ साली 'वी वॉरियर्स' या लहान प्रकाशनाने 'पॅलेस ऑफ द व्हॅम्पायर क्वीन' हे तयार साहस विकायला काढले, आणि अशा मालालाही गिऱ्हाईक असते हे दिसून आले. १९७८ साली गायगॅक्सने महाकाय राक्षसांवरील आपली तीन साहसे पुस्तिकारूपाने आणली. मग साहसपुस्तिकांचा एक धंदाच उभा राहिला.

आता वाचकहो, यांतली कोणती पुस्तिका यशस्वी म्हणायची? आपण म्हणाल, खप पाहा. पण तेथेच घोडे अडते.

गायगॅक्सचीच 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' घ्या. १९८० च्या सुमारास ती नवशिक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पेटीतच घालून मिळू लागली. पेट्या लाखांनी खपल्या, त्यांबरोबर पुस्तिकाही घरोघर गेली. पण फराळाच्या ताटात कडबोळे आले म्हणून ते पाहुण्याने मागितले होते असे थोडेच ठरते? १९८४ साली सुरू झालेल्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेची तऱ्हा याहून निराळी. तिच्या साहसांबरोबरच मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या निघाल्या आणि त्या भरघोस खपल्या. मग साहसांनी कादंबऱ्या खपवल्या की कादंबऱ्यांनी साहसे? कोणाचे श्रेय किती, हे कोणत्याही खतावणीतून निघत नाही.

बरे, छापलेले सारे विकले जाते असेही नाही. पुस्तके वितरकाकडे रवाना झाली की टीएसआरच्या हाती पैसे येत, न खपलेली माघारी आली की ते वळते करावे लागत. १९९६ च्या सुमारास कादंबऱ्या आणि खेळाचा माल यांचे ढीग परत येऊ लागले. इतरही कर्जे होतीच. १९९७ साली ही कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली. गोदामातून बाहेर पडले म्हणजे खपले, असे मानणाऱ्याची अशी गत होते.

आणि सर्वांत मोठी गंमत पुढेच आहे. साहस विकत घेतो तो एकटा सूत्रधार. खेळाडूंनी ते वाचायचेच नसते, वाचले तर रहस्य फुटते! म्हणजे एका प्रतीमागे चारपाच माणसांचा आनंद असतो आणि त्यांतला एकच हिशेबात येतो. उलट, कित्येक प्रती हौसेने घेतल्या जातात आणि कपाटातच राहतात. आज संगणकावरून साहसे विकणाऱ्या एका प्रसिद्ध बाजारात पन्नासहून अधिक प्रती गेल्या की तांब्याचे पदक मिळते. पन्नास प्रतींचा सत्कार म्हणून हसू येईल, पण त्या पन्नासही जणांनी डाव मांडला तर दोनअडीचशे माणसे रंगून जातात.

मग कसोटी कोणती? माझ्या मते, वर्षे लोटल्यावरही प्रकाशकाला ते साहस पुन्हा छापावेसे वाटते काय, ही. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने 'रेव्हनलॉफ्ट' हे साहस आधी मित्रमंडळींबरोबर हॅलोविनच्या सणात कित्येक वर्षे खेळून पाहिले. १९८३ साली त्याची ३२ पानी पुस्तिका निघाली. १९९० साली त्यातून एक स्वतंत्र खेळविश्वच उभे केले गेले, आणि २०१६ साली तेच कथानक 'कर्स ऑफ स्ट्राड' या जाडजूड ग्रंथाच्या रूपाने परत आले. 'कीप'चाही नवा अवतार १९९९ साली निघाला. पेटीतून फुकट आलेली ती पुस्तिका मुलांनी खरोखरच खेळली होती, याची पावती वीस वर्षांनी मिळाली. प्रकाशक भावनेपोटी कागद नासत नाही. आठवणीलाही बाजारभाव असतो, फक्त तो उशिरा कळतो.

पण लेखकाने तोवर काय खावे? खेळले जाणे हे खरे यश असले, तरी चूल पेटते ती विकलेल्या प्रतीवरच. यंदाच्या स्नेहसंमेलनाची एकांकिका मी निवडली आहे. दुकानदाराला चिठ्ठी धाडली, तेव्हा तो चकितच झाला.

या खेपेस मी नऊ प्रती मागवल्या आहेत.