दिनविशेष : ११ ऑगस्ट १९८८, 'अल् कायदा'ची पायाभरणी

सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून माघारी निघाल्या होत्या. त्यांच्याशी लढायला आलेल्या अरब तरुणांचं पुढं काय, यावर पाकिस्तानातील पेशावर शहरात या दिवशी ओसामा बिन लादेन आणि त्याच्या साथीदारांची बैठक झाली. तिची टिपणं २००२ मध्ये सारायेव्होतील एका धर्मादाय संस्थेवरील छाप्यात सापडली. ती वाचताना अंगावर काटा येतो तो त्यातल्या कारकुनी शिस्तीमुळे. सदस्य आज्ञाधारक हवा, वागणूक चांगली हवी, विश्वासू माणसाची शिफारस हवी, शपथ घ्यायला हवी. सहा महिन्यांत ३१४ जण तयार करायचे!

वैचारिक बीज पॅलेस्टिनी धर्मपंडित अब्दुल्ला अझ्झाम याचं. परकी फौजांशी लढणं हे प्रत्येक मुस्लिमाचं वैयक्तिक धर्मकर्तव्य, असं तो सांगे. १९८९ मध्ये पेशावरमध्येच बॉम्बस्फोटात तो मारला गेला. पुढं इजिप्तच्या अयमन अल् जवाहिरीचा प्रभाव वाढला आणि अमेरिका हे मुख्य लक्ष्य ठरलं. वरती सल्लागार मंडळ, खाली लष्करी, आर्थिक, धार्मिक आणि प्रचार समित्या, अशी रचना होती. ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाममधील अमेरिकी दूतावासांवरील स्फोटांत २२४ जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य होते सामान्य आफ्रिकी नागरिक.