'आगंतुक' हवा : इंग्लंडमधील घरगुती बॉयलर आणि धूरनळी

इंग्लंडमधील घरे उबदार ठेवण्याच्या साधनांचा इतिहास बहुधा इंधनाच्या अंगाने लिहिला जातो. प्रथम लाकूड, मग दगडी कोळसा, नंतर कोळशापासून केलेला वायू आणि अखेरीस समुद्रतळातील नैसर्गिक वायू, असा त्याचा क्रम. प्रस्तुत लेखात तोच इतिहास दुसऱ्या बाजूने पाहावयाचा आहे. ज्वलनास लागणारी हवा घरात कोठून येते आणि जळून उरलेले वायू कोठून बाहेर पडतात, हे ते दोन प्रश्न होत. त्यांच्या उत्तरात एका शब्दाने मोठी कामगिरी बजावली असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाने ह्या प्रांतात पाऊल टाकणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

प्रारंभी दोन्ही कामे एकाच भोकाकडे होती. 'विंडो' हा इंग्रजी शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील 'विंदाउगा', म्हणजे 'वाऱ्याचा डोळा', ह्यापासून आला. आपल्या 'वातायन' शब्दातील वारा आणि 'गवाक्ष' शब्दातील डोळा तेथे एकत्र नांदतात. 'चिमणी'चे मूळ ग्रीक 'कामिनोस', म्हणजे भट्टी. विस्तवाचे नाव पुढे धुराच्या वाटेला मिळाले. (आपल्या चिमणी पाखराशी ह्या शब्दाचा संबंध नाही, हे सांगावयास नकोच.) ह्या वाटेचा शास्त्रीय विचार काउंट रम्फर्ड ह्याने १७९६ साली केला. धुराड्याचा गळा सुमारे चार इंचांपर्यंत आवळला म्हणजे धूर खोलीत परतत नाही, हे त्याने दाखविले.

बॉयलरची उघडी धूरनळी हे त्याच धुराड्याचे सडपातळ रूप होय. मराठी वाचकास ती समजावून घेण्यासाठी दूर जावयास नको. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी आणि वर धुराला वाट, अशी जी रचना असते, तीच येथे मोठ्या प्रमाणावर आहे. तापलेला वायू हलका होऊन वर चढतो आणि त्याची जागा भरण्यास खोलीतील हवा खाली ओढली जाते. खोलीत नवी हवा आली नाही, तर ही ओढ मंदावते, ज्योत गुदमरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. ह्या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते. जॉन स्कॉट हॉल्डेन ह्यांनी तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम १८९५ साली प्रसिद्ध केले. १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचेच चिरंजीव.

१९६७ ते १९७७ ह्या दशकात ब्रिटनने कोळशाचा वायू टाकून नैसर्गिक वायू घरोघर पोहोचविला. पूर्वीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मुळातच मिसळलेला असे, त्यामुळे केवळ गळतीही प्राणघातक ठरे. नव्या वायूत ते विष नव्हते. अपघात पुष्कळ घटले ही गोष्ट खरी. परंतु उरलेल्या विषबाधेचे स्थान बदलले. आता विष पुरवठ्याच्या नळीतून येत नव्हते, ते अपुऱ्या हवेमुळे घरातच निर्माण होत होते. धूरनळी आणि झरोका ह्यांचे महत्त्व त्यामुळे वाढले.

येथे तो शब्द येतो. दारेखिडक्यांच्या फटींतून आपोआप शिरणाऱ्या हवेस ब्रिटिश नियमकारांनी 'ॲडव्हेंटिशस' हे विशेषण लाविले. त्यास मराठीत 'आगंतुक' हाच शब्द शोभतो. लॅटिन 'वेनिरे' आणि संस्कृत 'गम्' हे धातू एकाच मूळ धातूचे वंशज असल्याने हे साम्य केवळ अर्थापुरते नाही. वायूवर चालणाऱ्या उघड्या धूरनळीच्या उपकरणास पहिल्या ७ किलोवॉटपर्यंत वेगळा झरोका नको, तेवढी हवा आगंतुक म्हणून येतेच, असे गृहीत धरण्यात आले. पुढील प्रत्येक किलोवॉटमागे ५ चौरस सेंटिमीटरचा, बंद न करता येणारा झरोका हवा. म्हणजे २० किलोवॉटच्या बॉयलरला ६५ चौरस सेंटिमीटर. घराच्या बांधणीतील दोष येथे कायद्याने जमेस धरला, ही गोष्ट माझ्या मते विलक्षण आहे.

पण १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविण्यासाठी लोक फटी बुजवू लागले आणि दुहेरी काचा बसवू लागले. झरोक्यातून गार वारा लागतो म्हणून त्यात कागद कोंबणारेही काही थोडे नव्हते. आगंतुकाचे येणे थांबले, हिशेब मात्र जुनाच राहिला. घन इंधनाच्या उपकरणांना पहिल्या ५ किलोवॉटांची अशीच सूट होती. हवाबंद घरांपुरती ती २०१० च्या मार्गदर्शिकेने काढून घेतली.

खरा उपाय अगोदरच सापडला होता. 'समतोल' धूरनळीत हवा घेण्याचे व वायू सोडण्याचे तोंड भिंतीबाहेर शेजारी शेजारी असते. वारा दोहोंवर सारखाच दाब देतो आणि खोलीतील हवेचा ज्वलनाशी संबंध तुटतो. १९९८ च्या नियमांनी स्नानगृहात केवळ अशाच बंदिस्त उपकरणास अनुमती दिली. झोपण्याच्या खोलीत १४ किलोवॉटांवरील उपकरणासही तीच अट घातली. आपल्या शहरांतील चिंचोळ्या न्हाणीघरांत धूरनळीवाचून बसविलेल्या गॅस गीझरांनी घेतलेले बळी आठवले म्हणजे ह्या कलमाची किंमत कळते.

२००५ पासून इंग्लंडमध्ये वाफेतील उष्णताही परत मिळविणारे बॉयलर सामान्यतः बंधनकारक झाले. त्यांचे वायू इतके थंड असतात की, ते आपल्या बळावर वर चढत नाहीत. पंख्याने ढकलावे लागतात. साहजिकच नळी आडवी झाली आणि नव्या सदनिकांत ती छताच्या पोकळीत दडली. सांधा सुटला तरी कोणाच्या दृष्टीस पडेना. अशा एका सुटलेल्या सांध्याने २००८ साली बळी घेतला. त्यानंतर प्रत्येक झाकलेल्या नळीला तपासणीची झडप असावी, असे ठरले. १ जानेवारी २०१३ पासून झडप नसलेला बॉयलर 'धोक्यात' असे नोंदवून घरधन्याच्या संमतीने बंद करण्याची प्रथा तेथील कारागिरांत पडली.