फेकी

आमच्या पट्ट्यात टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये एखाद्याला आयुष्यातून उठवायला एक शब्द पुरतो: फेकी. चेंडू बॅट्समनला दिसलाच नाही आणि मधला स्टंप उडाला, की पलीकडचा गडी हात वर करून ओरडतो, "फेकी रे फेकी!" अंपायर बहुतेक वेळा बॅटिंगवाल्या टीमचाच कुणी बाद झालेला असतो. तो नो-बॉल देतो. शिव्या होतात, पैज लागलेली असली तर शर्टाची बटणं तुटतात, आणि तो बॉलर तिथून पुढे कायमचा बाउंड्रीवर.

मी बदलापुरातल्या एका शाळेत तीस वर्षं पी.टी.चे तास घेतले. राहायला सोनिवलीत. आता खिडकीतून इमारतीच दिसतात, पण तेव्हा उल्हास नदीच्या अंगाला भाताची खाचरं होती. दिवाळीनंतर कापणी उरकली की पोरं धसकटं उपटून पिच करायची. 2007 च्या हिवाळ्यातली गोष्ट. बाउंड्री म्हणजे शेताचा बांध, आणि बांधावर असाच एक हद्दपार झालेला फेकी उभा होता. माझाच विद्यार्थी, नुकताच दहावीला गेलेला, डावरा. चेंडू त्याच्याकडे गेला, त्याने उचलला आणि परत फेकला. साठ-पासष्ट पावलं असतील. चेंडू वर चढलाच नाही. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा सरळ रेषेत आला आणि कीपरच्या छातीवर आपटला. कीपर बसला खाली. मला वाटलं, या पोराचं सगळं बरोबर आहे, खेळ तेवढा चुकलाय.

फेकीचा गुन्हा काय, तर कोपर. क्रिकेटमध्ये बॉलरने हात सरळ ठेवून फिरवायचा. आंतरराष्ट्रीय नियमातही कोपर 15 अंशांपर्यंतच सरळ होऊ देतात, त्यापुढे संशय. बेसबॉलच्या पिचरचं नेमकं उलटं. त्याचा हात मागे राहतो, छाती आधी पुढे जाते, कोपर वाकलेलंच कानाच्या बाजूने येतं, आणि मनगट सगळ्यात शेवटी चाबकाच्या टोकासारखं सुटतं. आपल्याकडे ज्याला नो-बॉल, तिकडे त्याचाच पगार. भालाफेकीतही हाच चाबूक असतो. शाळेत आमच्याकडे वेळूचे भाले असायचे, टोकाला लोखंडी पातं बसवलेले. त्यातला एक मी त्याच्या हातात दिला, तर पहिल्याच फेकीत तो मैदान संपून पलीकडच्या कुंपणात.

आणि पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची उंची किती? 10 इंच. 1969 च्या आधी 15 असायची, मग फलंदाजांना काही सुचेना म्हणून कमी केली. 10 इंच म्हणजे जेमतेम वीतभर, आमच्या खाचराच्या बांधाएवढी. तिथून 60 फूट 6 इंचांवर एक पांढरी प्लेट, रुंदी 17 इंच. डावऱ्या बांधावर उभा राहून जे करत होता त्याला जगात बाजार आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते कळलं वर्षभराने, वर्तमानपत्रातून. तोवर अमेरिकेचा एक खेळाडूंचा एजंट, जे. बी. बर्नस्टीन, भारतात येऊन गेलाही होता. त्याचा हिशोब सरळ होता: ज्या देशात करोडो पोरं चेंडू टाकतात तिथे ताशी 90 मैलांनी फेकणारा एखादा तरी सापडेलच. 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा, गावोगाव वेग मोजण्याची बंदूक, 37 हजारांवर पोरं. सगळ्यांना वाटलं, जिंकणार एखादा फास्ट बॉलर. जिंकला रिंकू सिंग, उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचा, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. ताशी 87 मैल, म्हणजे 140 किलोमीटर, आणि बक्षीस एक लाख डॉलर. दुसरा आला दिनेश पटेल, वाराणसीकडचा. दोघेही लखनौच्या क्रीडा महाविद्यालयातले भालाफेके. बेसबॉलचा चेंडू दोघांनी त्याआधी हातात धरलेला नव्हता. आणि रिंकू डावरा.

ते कात्रण मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

हात शोधण्याचा धंदा मात्र बर्नस्टीनने काढलेला नाही. आपल्याकडे तो सव्वाशे वर्षं जुना आहे. पळवणकर बाळू, जन्म 1876, चर्मकार समाजातले, पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टी सारवायला आणि नेट बांधायला चार रुपये महिन्यावर होते. तिथे साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकता टाकता त्यांची फिरकी घडली. ग्रेग नावाचा फलंदाज बाळूंनी बाद केलं की दर वेळी आठ आणे देई, असं सांगतात. म्हणजे साहेबाने सरावासाठी एक हात विकत घेतला आणि त्या हाताचा बॉलर तयार झाला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. पण नेटमध्ये त्यांच्या हाती बॅट क्वचितच दिली गेली. फलंदाजी बड्यांची, घाम गाळायचा बाळूंनी. एखाद्याच्या अंगात काय आहे हे बघणं वेगळं, आणि त्याला खेळाडू करणं वेगळं. मधला रस्ता फार लांब असतो आणि त्या रस्त्यासाठी पैसा मोजणारा विरळा.

असा एक विरळा अमेरिकेत निघाला होता, म्हणून त्याचं सांगतो. इविंग कॉफमन, औषधांचा कारखानदार, कॅन्सस सिटी रॉयल्स या संघाचा मालक. नवा संघ, चांगले खेळाडू विकत मिळेनात. त्याने म्हटलं, बेसबॉल खेळणारी पोरं बाकीचे संघ शोधतातच, आपण न खेळणारी शोधू. 1970 मध्ये फ्लोरिडातल्या सॅरासोटाला त्याने अकादमी काढली. अट बेसबॉलची नव्हती. पाय किती पळतात, डोळा किती तेज, हात किती झटकन हलतो, एवढंच मोजायचं. फुटबॉल, बास्केटबॉल, धावणं, काहीही खेळलेला चालेल. देशभरातून साडेसात हजारांवर पोरं आली, घेतली चाळीसच्या आसपास. त्यातला फ्रँक व्हाइट ज्या शाळेत शिकला तिथे बेसबॉलची टीमच नव्हती. त्याने पुढे दुसऱ्या बेसवर उभं राहून आठ वेळा क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह मिळवला. अकादमी 1974 ला बंद पडली. खर्च झेपेना, आणि जुन्या जाणत्यांना हा सगळा पोरखेळच वाटत होता.

ही अकादमी मला आपल्याच गावची वाटते. आमच्याकडचं पोर एका खेळाचं कधी नव्हतंच. सकाळी लगोरी, दुपारी विटीदांडू, संध्याकाळी हुतुतू. पाऊस सरला की खो-खो. चैत्रात वाटेवरच्या कैऱ्या. विटी उडवून हवेतच टोलवणाऱ्याला बॅट वेगळी काय शिकवायची? आबाधोबीत चेंडू पाठीत बसू नये म्हणून जो वळतो, त्याला बेसवर घसरणं कुणी शिकवत नाही. आणि कैरी पाडणारा हात! भालाफेक्याला अंतर माहीत असतं, नेम नसतो. तो आभाळाकडे फेकतो. पिचरला वीतभर उंचावरून खाली, 17 इंचांच्या आत टाकावं लागतं. आंब्यावर दगड मारताना मागच्या वाडीतल्या म्हातारीच्या कौलांवर तो जाऊ नये ही काळजी ज्याने घेतली, तो या बाबतीत लखनौच्या पोरांच्या पुढेच.

त्या दोघांना मात्र सगळं मुळापासून शिकावं लागलं. मे 2008 मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले, बर्नस्टीनच्याच घरी राहिले. कोच होता टॉम हाउस, साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातला. हा तोच माणूस, ज्याने 1974 ला हँक आरनचा विक्रमी 715 वा होम रन कुंपणापलीकडे झेलला होता. अडचणी वेगाच्या नव्हत्या. भालाफेक्या पळत येतो, पिचरने एका पायावर थांबून सुरुवात करायची. 800 ग्रॅमचा भाला पंजाभर धरायचा, 145 ग्रॅमचा चेंडू दोन बोटांनी शिवणीवर. आणि ज्याची कुणाला कल्पना नसते ते म्हणजे भालाफेक्याला जन्मात काही झेलावं लागत नाही. चामड्याचा ग्लोव्ह हातात घालून समोरून येणाऱ्या चेंडूकडे डोळे उघडे ठेवून बघायचं, हे वयाच्या विसाव्या वर्षी शिकणं सोपं नाही. नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात टेम्पीला स्काउटांसमोर चाचणी झाली आणि दोघेही साफ फसले. काही दिवसांनी दुसरी झाली, ती जमली. 24 नोव्हेंबर 2008 ला पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. जुलै 2009 मध्ये दोघे फ्लोरिडातल्या सगळ्यात खालच्या लीगमध्ये उतरले. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळलेले पहिले भारतीय नागरिक. त्याच महिन्यात रिंकूच्या नावावर एक विजयही लागला.

पुढचं थोडक्यात. दिनेश 2010 मध्ये मोकळा झाला आणि परतला. रिंकू 2012 पर्यंत पायऱ्या चढत राहिला, मग कोपर गेलं, शस्त्रक्रिया झाली, वरच्या लीगपर्यंत तो पोचला नाही. 2018 ला तो कुस्तीच्या तमाशात शिरला. टीव्हीवर रुद्राक्षाच्या माळा घातलेला वीर महान दिसायचा तो हाच. या दोघांवरचा 2014 चा सिनेमा आमच्या शाळेतल्या पोरांनी पाहिला. त्यांना रहमानची गाणी आठवतात.

आता माझं. कात्रण वाचलं आणि मी चवताळलो. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल, बेसबॉल दोन्ही आहेत. पण पोरं तिथे येतात ती बहुतेक क्रीडागुणांसाठी. दहावी-बारावीला वाढीव मार्क मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत नंबर लागू शकतो. पालक विचारतात, "सर, सर्टिफिकेट कुठल्या लेव्हलचं?" मी त्यांना हसत नाही. ज्याच्या घरी कंपनीची पाळी असते त्याने असंच विचारावं. त्यामुळे आमची टीम म्हणजे खो-खोतले पाच, कबड्डीतले तीन, एक उंच उडीवाला. कॉफमनचीच अकादमी, फक्त पैसे नसलेली. आणि खो-खोवाले काय बेस पळायचे! खांबाला वळसा घालताना अंग आत टाकायची सवय, तीच पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे वळताना. ती मी कुणाला शिकवली नाही.

डावऱ्याला पिचर करायचं ठरवलं आणि आडवा आला ग्लोव्ह. डाव्या हाताने फेकणाऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो. शाळेच्या पेटीत नऊ ग्लोव्ह, नऊच्या नऊ डाव्या हाताचे. मागणी लिहून दिली, पुढच्या वर्षी पेटी आली, पुन्हा सगळे डाव्या हाताचे. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळ धोबी तलावाच्या दुकानांत फिरलो. एकाने सांगितलं, मागवावा लागेल, डझनच घ्यावा लागेल. मग तो पोरगा डाव्या हाताचा ग्लोव्ह उजव्यात उलटा घालायचा. अंगठ्याच्या जागी करंगळी. चेंडू आला की चामडं वाकडं होऊन बोटाच्या बुडाशी लागायचं. एका स्पर्धेत समोरच्याने सरळ टोलवलेला चेंडू असाच आला, ग्लोव्ह फिरला आणि करंगळीचं हाड गेलं. मी माझा रुमाल ओला करून बांधला. तो म्हणाला, "सर, फेकायचा हात तर चांगलाय ना?" पुढची खेळी त्याने तशीच टाकली, झेलायचं काम मी पहिल्या बेसवाल्याला सांगितलं.

त्याला पुढे कुठे पाठवायचं हे मला माहीत नव्हतं, खरं तर कुणालाच माहीत नव्हतं. बारावीनंतर तो अंबरनाथच्या एमआयडीसीत लागला. अमेरिकेच्या बेसबॉल लीगने दिल्लीत ऑफिस उघडलं ते 2019 मध्ये, तोवर त्याला दोन मुलं होती.

मागच्या थंडीत कात्रपच्या बाजूला रात्रीची टेनिस बॉलची स्पर्धा होती. फ्लडलाइट, पहिलं बक्षीस मोटारसायकल, माइकवर कॉमेंटरी. आता अशा पोरांसाठी टीव्हीवर दिसणारी लीगही निघालीय, 2024 ला ठाण्यात सुरू झालेली, त्यामुळे सगळ्यांच्या अंगात वारं. डावऱ्या पस्तिशीचा, पोट सुटलेलं, बॉलिंग अजूनही कुणी देत नाही. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. बॅट्समनने लाँग-ऑनला ढकलला, एक पळाले, दुसरीला वळले. डावऱ्याने धावत उचलला, एक पाय टेकला, कोपर कानाजवळून आलं. मी खुर्चीतून उठलो होतो. चेंडू सरळ आला, टप्पा न खाता, आणि मधला स्टंप गेला.

माइकवाला ओरडला, "काय हात आहे भावाचा!" मागून त्याच्याच टीमचा कुणीतरी हसत म्हणाला, "असणारच. फेकी आहे तो."