माप चुकलं की नळी फुटते

२०१८ ला 'मुळशी पॅटर्न' आला आणि मुळशी म्हटलं की लोकांना पिस्तूलच आठवायला लागलं. पण आमच्या खोऱ्यातली जुनी बंदूक वेगळी होती. ठासणीची. भातात रानडुकरं घुसतात म्हणून परवाना काढून घेतलेली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला अशा बंदुकीची वेगळी तरतूदच आहे.

लहानपणी आमच्या शेजारचे आजोबा ती भरायचे. दारू मापूनच घालायचे. मी एकदा म्हटलं, "आजून थोडी घाला की!" तर म्हणाले, "डुकराच्या आधी आपण जाऊ, बाळा."

हाच धडा अमेरिकेत एल्मर कीथ या रांगड्या माणसाला महागात पडला. ४ जुलै १९२५ ला त्याने स्वतः भरलेल्या जोरकस काडतुसाने त्याचं .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर फुटलं. सिलिंडरचा वरचा भाग उडाला. मग तो .४४ कडे वळला. कारण साधं आहे: तेवढ्याच सिलिंडरमध्ये भोक लहान असेल, तर भिंत जाड राहते.

१९३५ ला .३५७ मॅग्नम आलं. आजच्या अमेरिकी मानकानुसार .३८ स्पेशलला दर चौरस इंचाला १७ हजार पौंड दाब चालतो, .३५७ ला ३५ हजार. म्हणजे दुप्पट! म्हणून नुसती दारू वाढवली नाही, रिव्हॉल्व्हरही दणकट केलं. काडतूस साधारण तीन मिलीमीटर लांब ठेवलं, जुन्या .३८ मध्ये बसूच नये म्हणून.

घरी काडतूस भरणाऱ्याची खरी फसगत पुढे आहे. .३८ चं नळकांडं काळ्या दारूच्या हिशोबाने मोठं. बिनधुराची दारू त्यात तळालाच राहते. चुकून दोनदा पडली तरी वरून ध्यानात येत नाही.

आणि एकदम फुटलं नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. १९५५ च्या स्मिथ अँड वेसन मॉडेल १९ मध्ये हलक्या गोळीची पूर्ण जोराची मॅग्नम सतत झाडली, की नळीच्या मागच्या तोंडाला तडे जायचे. शेवटी कंपनीने १९८० च्या सुमारास जड सांगाडा काढला.

हे सगळं पारखलेल्या पोलादाचं. आता गावठी कट्ट्याचा विचार करा. लोखंड कुठलं, माहीत नाही. काडतूस कुणी भरलं, माहीत नाही. परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहेच, पण कायद्याच्या आधी हात जातो.

कट्टा घेऊन रील टाकणारं पोरगं तुमच्या ओळखीचं असेल, तर त्याला आजोबांचं ते वाक्य तेवढं ऐकवा.