पुण्याची कर्णधार

१९८२ चं दिल्ली एशियाड म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना तीन गोष्टी आठवतात. अप्पू हत्ती, कुणाच्या तरी घरी नव्याने आलेला रंगीत टीव्ही, आणि पाकिस्तानकडून हॉकीत खाल्लेला ७-१ असा मार. त्याच एशियाडमध्ये आपल्या मुलींनी हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं होतं आणि त्यांची कर्णधार पुण्यात जन्मलेली होती, हे सांगितलं की पुण्यातले माझे नातेवाईकसुद्धा "काय सांगतोस!" म्हणतात. खडकीचा धनराज पिल्ले मात्र सगळ्यांना पाठ. असो.

तिचं नाव एलायझा नेल्सन. (वयाने मोठ्या आहेत, पण खेळाडूंना आपण एकेरीतच हाक मारतो, तेव्हा 'ती'च म्हणतो.) जन्म १९५६ चा, आईवडील मूळचे गोव्याचे. पुण्या-मुंबईतल्या गोवेकर ख्रिस्ती घरांमध्ये हॉकी तेव्हा चांगली रुजलेली होती, मुलींमध्येसुद्धा. पुढे ती रेल्वेकडून खेळली. त्या काळी मुलीने हॉकीच्या जोरावर पोट भरायचं म्हणजे रेल्वेची नोकरी, दुसरं फारसं काही नव्हतंच.

१९८० साली मॉस्कोत महिला हॉकी पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आली. बहिष्कारामुळे बरेच तगडे संघ आले नाहीत आणि त्यांच्या जागी आलेल्यांत आपण होतो. कर्णधार रूपा सैनी, संघात २३ वर्षांची एलायझा. बाद फेरी वगैरे भानगड नव्हती, सहा संघांची सरळ साखळी. ऑस्ट्रियाला २-० ने हरवलं, पोलंडला ४-०. चेकोस्लोव्हाकियाकडून १-२ अशी हार, झिंबाब्वेशी १-१ बरोबरी. (हेच झिंबाब्वे शेवटी सुवर्ण घेऊन गेलं, आणि तो संघ तर ऐनवेळी जमवलेला!) शेवटचा सामना ३१ जुलैला यजमान सोव्हिएत संघाशी. तेव्हा विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक असायचा. आपले पाच होते, त्यांचे चार. म्हणजे नुसती बरोबरी केली असती तरी कांस्यपदक आपलं होतं. ३-१ ने हरलो. चौथा क्रमांक.

यावर घरी हळहळ व्हायला हवी होती. पण दोनच दिवस आधी, २९ जुलैला, पुरुषांनी स्पेनला ४-३ ने हरवून सुवर्णपदक जिंकलं होतं. त्या जल्लोषात चौथ्या क्रमांकाला कोण विचारतो?

मग आलं १९८२. एशियाडमध्येही महिला हॉकी पहिल्यांदाच होती आणि आता कर्णधार एलायझा. राजबीर कौर, ओमना कुमारी, सेल्मा डिसिल्वा अशा मुलींचा तो संघ. कोरिया दुसरा, मलेशिया तिसरा, आपण पहिले. म्हणजे एशियाडमधलं महिला हॉकीचं अगदी पहिलं सुवर्णपदक आपलं. १९८३ मध्ये तिला पद्मश्रीही मिळाली. पण १ डिसेंबरला पुरुषांची फायनल झाली आणि देश सुतकात गेला. गोलकीपर मीर रंजन नेगीवर नाही नाही ते बिनबुडाचे आरोप झाले. पुरुष जिंकले तेव्हा या मुली झाकल्या गेल्या, आणि हरले तेव्हाही.

सगळ्यात गंमत म्हणजे २००७ चा 'चक दे इंडिया'. पाकिस्तानविरुद्धच्या पराभवाने बदनाम झालेला खेळाडू मुलींचा संघ घडवून कलंक पुसतो ही गोष्ट. सिनेमा मला आवडतो, दोनदा रडलोय. पण ज्या एशियाडमध्ये नेगीवर ती वेळ आली, त्याच एशियाडमध्ये मुली खरोखर जिंकल्या होत्या. कुणाचाही कलंक धुण्यासाठी नाही, आपल्या आपण जिंकल्या होत्या. त्यावर सिनेमा निघाला नाही.

त्या सुवर्णाचं पुढे काय झालं? १९८३ च्या वर्ल्डकपमध्ये बारा संघांत आपण अकरावे. काही महिन्यांत इतकी घसरण! एशिया आणि युरोप यांच्यातलं अंतर तेवढं होतं, असं माझं मत. ऑलिंपिकला तर आपल्या मुली पुन्हा पोचल्या त्या थेट २०१६ मध्ये, ३६ वर्षांनी. टोकियोत (२०२१) पुन्हा चौथा क्रमांक आला. या वेळी मात्र अख्खा देश टीव्हीसमोर बसून त्यांच्याबरोबर रडला.

एशियाडमध्ये नंतर रौप्य आलं, कांस्य आलं. २०२३ मध्ये हांगझोऊलाही कांस्यच. सुवर्णपदक घेणारी कर्णधार तोवर एकच होती.