कार्डाचा पारसनीस

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या लेकीने एक मागणी पुढे केली. "अब्बू, आपल्या कम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवू या ना. गेम चालत नाहीत." मी म्हटले, बसवू. पण आमच्या घरचा कम्प्युटर लिनक्सवर चालतो, त्यामुळे दुकानदार दाखवेल ते कार्ड उचलून आणता येत नाही. कोणते घ्यावे हे शोधायला बसलो, तर हाती किमतींच्या यादीबरोबर चाळीस वर्षांचा इतिहासही लागला. तो वाचल्यावर कार्डाची निवड आपोआप झाली. म्हणून हा लेख.

आधी आमच्याकडे लिनक्स का आले ते सांगतो. माझे मामू कातिब होते. बोरूने उर्दू अखबाराची पाने लिहीत. त्यांच्या वहीत सोलापूर परिसरातल्या शायरांचे कलाम उतरवलेले होते, त्यातले बरेच कुठेही छापले गेले नव्हते. मी ते एका उर्दू टायपिंगच्या प्रोग्राममध्ये टाइप केले, 340 पाने. प्रोग्राम चालायला कम्प्युटरच्या मागे एक कुलूपवजा डोंगल लावावे लागे. एके दिवशी ते डोंगल बिघडले. नवे मिळेना. फाइली डिस्कवर जशाच्या तशा होत्या, पण त्यांची भाषा फक्त त्या प्रोग्रामलाच कळत होती. मामूंची वही तोपर्यंत पावसात भिजून गेली होती. माझेच लिखाण माझ्याच घरात, आणि मला वाचता येत नाही! त्या दिवसापासून मी ठरवले की ज्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे अशा सॉफ्टवेअरवर पुन्हा विसंबायचे नाही.

आता मुद्द्याकडे. ग्राफिक्स कार्ड हे स्वतंत्र डोके असलेले यंत्र असते. त्याची स्वतःची भाषा असते आणि कम्प्युटरला ती येत नाही. दोघांच्या मध्ये जो प्रोग्राम बोलतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे मला हे काम चटकन समजले. पेशव्यांच्या दफ्तरात फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे पारसनीस असत. दिल्लीहून किंवा हैदराबादहून खलिता आला की तो वाचून सांगायचे आणि फारसीत जबाब लिहायचे काम त्यांचे. ज्याला फारसी येत नाही त्याला पारसनीस सांगेल ते खरे धरून चालावे लागे. ड्रायव्हर म्हणजे कार्डाचा पारसनीस. प्रश्न एवढाच, की हा पारसनीस कोणाचा नोकर? तुमचा, की कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा?

गंमत अशी, की मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळच एका ड्रायव्हरच्या भांडणातून उभी राहिली. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर मिळाला. त्यात कागद वारंवार अडके. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक सोय केली होती. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना कम्प्युटरवर निरोप जाई. नव्या प्रिंटरला तीच सोय करायची तर त्याच्या प्रोग्रामची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, हवी होती. ती दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे होती. स्टॉलमन मागायला गेले, तर त्याने नकार दिला, कारण गुप्ततेच्या करारावर सही करून बसला होता. सप्टेंबर 1983 मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि दोन्ही मिळून आज आपण वापरतो ती व्यवस्था तयार झाली.

चित्रांच्या बाबतीत पहिले मोठे पाऊल ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये उचलले. ओपनजीएल ही त्रिमितीय चित्रे काढण्याची भाषा तेव्हा महागड्या यंत्रांवर चाले. पॉल यांनी मोकळ्या वेळात तिची मुक्त आवृत्ती लिहायला घेतली आणि 1995 मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिचे नाव मेसा. आजही लिनक्सवर एएमडी आणि इंटेलच्या कार्डांचे चित्र याच मेसातून पडद्यावर येते. एका माणसाने फावल्या वेळात लावलेले झाड तीस वर्षांनंतरही सावली देत आहे.

गेमही फार उशिरा आलेले नाहीत. डूम हा गाजलेला गेम 1994 मध्येच लिनक्सवर उतरला होता. 1998 मध्ये लोकी नावाची कंपनी निघाली. विंडोजचे गेम लिनक्ससाठी तयार करून विकायचे, हाच तिचा धंदा. जानेवारी 2002 मध्ये ती बंद पडली. गिऱ्हाईक थोडे होते, आणि चांगले ड्रायव्हर असलेली कार्डेही मोजकीच होती. व्हूडू कार्डे बनवणारी थ्रीडीएफएक्स कंपनी 2000 च्या अखेरीस एनव्हिडियाच्या पोटात गेली.

इथून तीन कंपन्यांच्या तीन वाटा सुरू होतात. ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याने समजून घ्यायचे ते नेमके हेच.

एनव्हिडियाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, आणि तो वेगवानही होता, पण बंद पेटीत. आत काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. तेव्हा काही कार्यकर्त्यांनी नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहायला घेतला. कार्डाची माहिती कंपनी देत नव्हती, म्हणून त्यांनी लोकांकडून नोंदी मागवल्या. बंद ड्रायव्हरने एखादे चित्र काढायच्या आधी कार्डाच्या आत काय होते आणि नंतर काय झाले, याची तुलना करत एकेका शब्दाचा अर्थ लावला. मोडी लिपी येत नसलेल्याने दोन कागद शेजारी ठेवून अक्षरे ओळखावीत, तसे. हा ड्रायव्हर 2010 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला. पण 2014 नंतरच्या कार्डांमध्ये कंपनीच्या सहीचे फर्मवेअर सक्तीचे झाले. त्याशिवाय कार्डाचा वेग वाढवता येईना. नूव्होवर महागडे कार्ड बैलगाडीच्या चालीने चालू लागले. त्याआधीच, 2012 मध्ये, फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहून एनव्हिडियाला मधले बोट दाखवले होते. शिक्षक म्हणून मी त्या हावभावाचे समर्थन करणार नाही. पण त्यामागचा संताप मला समजतो.

एटीआय ही दुसरी कंपनी. तिचाही लिनक्सवरचा ड्रायव्हर बंदच होता, आणि त्याचे नाव काही चांगले नव्हते. 2006 मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली, आणि सप्टेंबर 2007 मध्ये जाहीर केले की कार्डाची तांत्रिक कागदपत्रे आम्ही खुली करू. सगळे एका रात्रीत सुधारले नाही. त्याला आठ वर्षे लागली. 2015 मध्ये लिनक्सच्या 4.2 आवृत्तीत एएमडीजीपीयू हा नवा मुक्त ड्रायव्हर आला. 2016 मध्ये वल्कन ही नवी चित्रभाषा आली. एएमडीने तिच्यासाठी स्वतःचा ड्रायव्हर खुला करण्याचे सांगितले होते, पण उशीर होत होता. डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहायझेन यांनी वाट न पाहता मेसामध्ये आरएडीव्ही नावाचा ड्रायव्हर लिहून टाकला. पुढे एएमडीचा खुला ड्रायव्हर डिसेंबर 2017 मध्ये आला, पण गेम खेळणाऱ्यांनी आरएडीव्हीलाच पसंती दिली. 2025 मध्ये एएमडीने आपला ड्रायव्हर थांबवून आरएडीव्हीला पाठबळ देण्याचे ठरवले. कंपनीने स्वतःचे बाजूला ठेवून बाहेरच्यांनी लिहिलेले आपले मानले, अशी उदाहरणे थोडी असतात.

तिसरी इंटेल. तिने आपल्या अंगभूत ग्राफिक्सचे ड्रायव्हर बऱ्याच आधीपासून मुक्त ठेवले. 2022 पासून तिची आर्क नावाची स्वतंत्र कार्डेही बाजारात आहेत.

आता कोणी विचारेल, ड्रायव्हर मिळाला तरी गेम तर विंडोजचेच ना? इथे चौथे पात्र येते, व्हॉल्व्ह. स्टीम हे गेम विकणारे दुकान तिचे. 2012 मध्ये विंडोज 8 येत होते, त्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान उघडले. उद्या घरमालकच दुकानदार झाला तर आपण कुठे जायचे, अशी चिंता व्हॉल्व्हला पडली. फेब्रुवारी 2013 मध्ये तिने स्टीम लिनक्सवर आणले. 2015 मध्ये स्टीम मशीन नावाची यंत्रे काढली, ती चालली नाहीत. पण प्रयत्न सोडला नाही. वाइन हा विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा प्रकल्प 1993 पासून सुरू होता. फिलिप रेबोले यांनी मायक्रोसॉफ्टच्या चित्रभाषेचे वल्कनमध्ये भाषांतर करणारा डीएक्सव्हीके लिहिला. ही दोन्ही एकत्र करून व्हॉल्व्हने ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन आणले. म्हणजे पुन्हा भाषांतरकारच! 2022 मध्ये आलेले स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र लिनक्सवरच चालते आणि त्यात एएमडीची चिप आहे. त्यामुळे एएमडीचे मुक्त ड्रायव्हर हजारो गेमवर रोज पारखले जाऊ लागले.

एनव्हिडियाही जागेवर थांबली नाही. मे 2022 मध्ये तिने ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग, ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांसाठी, खुला केला. वरचा भाग अजून बंद आहे. मेसामध्ये एनव्हीके नावाचा मुक्त वल्कन ड्रायव्हर वाढतो आहे. ज्यांना ब्लेंडरमध्ये काम करायचे आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करायचे आहेत, त्यांना एनव्हिडियाच्या कूडाशिवाय आजही अडचण पडते. त्यांनी ते कार्ड घ्यावे, त्यात पाप नाही. फक्त ड्रायव्हर आपल्या वितरणाच्या भांडारातूनच घ्यावा, संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल हाताने बसवू नये. नाहीतर गाभा अद्ययावत झाला की सकाळी काळा पडदा दिसतो.

हे सगळे वाचून मी आणि लेक मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. नवे कार्ड आमच्या खिशाबाहेरचे होते. वापरलेले आरएक्स 580, 8 जीबीचे, घेतले. हे कार्ड 2017 चे आहे. मुक्त ड्रायव्हरचा खरा फायदा जुन्या कार्डावरच दिसतो. बंद ड्रायव्हरचे आयुष्य कंपनी ठरवते, मुक्त ड्रायव्हर मात्र कोणीतरी सांभाळणारा असेपर्यंत जगतो. अशी कार्डे बऱ्याचदा आभासी चलनाच्या खाणीत राबलेली असतात, म्हणून पंखे फिरतात का, चित्र फाटते का, हे दुकानातच चालवून पाहिले. हे कार्ड 185 वॉट वीज ओढते, म्हणून वीजपुरवठ्याचा डबा बदलावा लागला.

घरी येऊन बसवले. पडदा काळा. लेकीचा चेहरा उतरला. मी दोन तास ड्रायव्हरला दोष देत राहिलो. शेवटी बेगम चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ही केबल जुन्याच भोकात आहे, नव्या कार्डाला का नाही लावली?" खरेच, मॉनिटरची तार मदरबोर्डलाच होती. बदलली आणि चित्र आले. ड्रायव्हर म्हणून वेगळे काही बसवावे लागले नाही. तो आधीपासून लिनक्सच्या आतच होता.

सगळे गोड आहे असे मात्र नाही. लेकीच्या मैत्रिणी खेळतात तो व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, फोर्टनाइटही नाही. फसवणूक रोखणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामना लिनक्स मान्य नाही, आणि त्यावर कुठल्याही कार्डाचा इलाज नाही. म्हणून आपल्याला हवा तो गेम प्रोटॉनवर चालतो का, हे पैसे मोजण्याआधी पाहावे. दुसरे, 2024 मध्ये एचडीएमआय फोरमने एचडीएमआय 2.1 मुक्त ड्रायव्हरमध्ये घालायची एएमडीची विनंती नाकारली. मोठा, वेगवान मॉनिटर घेणार असाल तर डिस्प्लेपोर्ट असलेला घ्या. कुलुपे अजून आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत.

लेक रात्री तासभर खेळते. तिचे झाले की त्याच कम्प्युटरवर मी बसतो. मामूंच्या वहीतल्या ज्या पानांच्या छापील प्रती मी तेव्हा काढून ठेवल्या होत्या, तेवढ्या पुन्हा टाइप करतो आहे, युनिकोडमध्ये. 340 पैकी 112 पानांच्याच प्रती सापडल्या. बाकीची पाने त्या जुन्या फाइलींत आहेत, डिस्कवर, माझ्या टेबलाच्या खणात. त्यांचा पारसनीस आता कोणी उरलेला नाही.