कमी कापण्याची कुळकथा

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोग झालेले अख्खे डावे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले. रुग्ण वाचला, इतकेच नव्हे तर खुद्द ग्रॅहम यांच्यापेक्षाही जास्त जगला. जितके जास्त काढावे तितके बरे, ही समजूत त्या यशाने पक्की केली. पुढे फुप्फुसाचा एकच कप्पा, म्हणजे लोब, काढणारी लोबेक्टॉमी रुळली. लोबचा छोटा भाग काढणाऱ्या सेगमेंटेक्टॉमीचे कूळ मात्र वेगळे. १९३९ मध्ये बोस्टनच्या चर्चिल आणि बेल्सी यांनी ती मांडली ती ब्रॉन्किएक्टॅसिससाठी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत पू साचण्याच्या आजारासाठी. नंतर क्षयाच्या शल्यचिकित्सकांनी ती हातात बसवली. आजाराने पोखरलेल्या फुप्फुसातला धडका भाग राखणे त्यांना भागच होते. क्षयाची ओळख जुनी असलेल्या आपल्या नागपूरला म्हणूनच ही शस्त्रक्रिया परकी वाटू नये.

कर्करोगात मात्र तिच्यावर आक्षेप आला, आणि तो पुराव्यानिशी आला. १९९५ मध्ये गिन्सबर्ग आणि रुबिनस्टाइन यांनी २४७ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. कमी भाग काढलेल्यांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. पण त्या गाठी ३ सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या आणि कमी भाग काढलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत सेगमेंटची शास्त्रीय हद्द न पाळता नुसती पाचर कापलेली होती. २०२२ च्या जपानी चाचणीत १,१०६ रुग्ण होते; गाठ २ सेंटिमीटरपर्यंतची आणि फुप्फुसाच्या कडेकडची. पाच वर्षांनी सेगमेंटेक्टॉमीच्या गटात ९४.३ टक्के हयात होते, लोबेक्टॉमीच्या गटात ९१.१ टक्के. जागच्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण सेगमेंटेक्टॉमीतच अधिक होते, १०.५ विरुद्ध ५.४ टक्के, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही जास्त लोक जगले. राखलेल्या फुप्फुसामुळे पुढच्या आजाराचे उपचार झेपले असावेत, हे मला त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण वाटते. २०२३ च्या अमेरिकी चाचणीत ६९७ रुग्णांमध्येही कमी कापणे मागे पडले नाही. तिथे लसिकाग्रंथी शस्त्रक्रियेदरम्यान तपासूनच पुढचा निर्णय झाला होता.

नागपुरातला आक्षेप निराळा असेल: आपल्याकडे रुग्ण येतात तेच उशिरा, मग हा वाद कुणासाठी? उशीर होतो हे खरे. खोकला आणि एक्स-रेवरचा डाग दिसला की क्षय गृहीत धरला जातो आणि थुंकीत जंतू न सापडताही औषधे सुरू होतात. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट याच शहरात असून तिथपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या महिन्यांत गाठ ती २ सेंटिमीटरची मर्यादा ओलांडून जाते. म्हणजे हा वाद आपल्याला गैरलागू नाही. तो लागू व्हायची वेळच आपण दवडतो. शिवाय जुन्या क्षयाने फुप्फुसाचा काही भाग आधीच निकामी झालेल्या माणसाला उरलेला लोब गमावणे सर्वांत महाग पडते. अशा छातीत फुप्फुस बरगड्यांच्या आतल्या आवरणाला चिकटलेले असते, त्यामुळे दुर्बिणीची शस्त्रक्रिया कधी कधी उघड्या शस्त्रक्रियेत बदलावी लागते. क्षयाने सुजलेल्या ग्रंथी पेट स्कॅनवर कर्करोगासारख्याच चमकतात. तेवढ्यावरून रोग पसरला असे ठरवून शस्त्रक्रिया नाकारणे चूक आहे. आधी त्या ग्रंथीचा तुकडा तपासायला हवा.